हिरव्या मोटारीचा पंचनामा

जमादार आबांनी एकदा माझ्या उतू गेलेल्या दुधाचा पंचनामा केला. खोटं वाटत असेल तर कागद आहे माझ्याकडे. गॅसवर पातेलं ठेवून मी फोनवर बोलत बसले, दूध गेलं, ओटा भरला, फरशीवर ओघळ आला. मी फडकं घेऊन धावले तर दारातून आवाज, "हात लावू नको! घटनास्थळ हाय ते!" मग चष्मा चढवून, खाली वाकून, ओघळ कुठून निघाला नि कुठं थांबला ते त्यांनी वितीनं मोजलं. कागदावर लिहिलं, 'सदर दूध हे दुर्लक्षामुळे उतू गेल्याचे दिसते.' आणि खाली पंच म्हणून माझीच सही घेतली. आरोपी मी, पंचही मीच!

मी सुरेखा. बीडजवळच्या पालीत बसथांब्यासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि मागं दोन खोल्यांत घर. आबा दोन घरं सोडून राहतात. नाव रंगनाथ, वय चौऱ्याहत्तर, उंची अशी की माझ्या दारातून वाकून यावं लागतं. पोलिसात हवालदार होते, पण आमच्याकडं हवालदाराला जमादारच म्हणतात, त्यामुळं निवृत्त होऊनही ते जमादारच राहिले. नोकरी चौतीस वर्षं, त्यातली निम्मी पंचनामे लिहिण्यात गेली, कारण अक्षर मोत्यासारखं. बैल चोरीला गेला, बोलवा रंगनाथला. ट्रक उलटला, बोलवा रंगनाथला. त्या लिखाणाचा परिणाम असा झाला की तोंडात 'सदर' हा शब्द कायमचा मुक्कामाला आला. "सदर भाजीत मीठ न्हाई." "सदर पावना कोन हाय?" माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला मला म्हणाले, "सदर दिवस सुखाचा जावो." आता यावर काय बोलायचं!

बायको कौसाबाई सहा वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून माणूस एकटा. सकाळी बिंदुसरेच्या धरणापर्यंत फेरी, आल्यावर स्वतःची भाकरी स्वतः थापायची, आणि ठीक अकराला माझ्या दुकानात. काउंटरमागच्या खुर्चीत बसायचं, टोपी मांडीवर ठेवायची आणि म्हणायचं, "लाव."

लाव म्हणजे कॉम्प्युटरवर पिक्चर लाव. कुठला, ते विचारायचं नाही. एकच. 'हिरवी मोटार'.

तुम्ही ऐकलं नसेल हे नाव. मीही ऐकलं नव्हतं. जुना, काळापांढरा, मराठी, गुप्तहेराचा पिक्चर. एका गिरणीमालकाचा त्याच्या बंगल्यात खून होतो, घरात आठ माणसं असतात, आणि फाटकापाशी कुणीतरी एक हिरवी मोटार पाहिलेली असते. मग गुप्तहेर येतो, मोठ्ठा ओव्हरकोट घालून. भर वैशाखात!

"ह्याला घाम कावून येत न्हाई?" हा आबांचा पहिला आक्षेप. नाही, चुकले, पहिला आक्षेप नावावर. "पिक्चर काळंपांढरं, आन मोटार म्हनं हिरवी. पंचांनी लिहायचं काय? सदर मोटार हिरवी असल्याचे ऐकले, असं?"

आबांकडं एक वही आहे. एका बाजूनं उघडली की पिक्चरचे दोष, उलटी करून दुसऱ्या बाजूनं उघडली की गुण. दोष त्रेसष्ट भरले होते. शेजारच्या सलूनमधला बंडू गिऱ्हाईक नसलं की वस्तरा खिशात घालून आमच्याकडं येऊन उभा राहायचा, आणि दोघांची जुगलबंदी चालायची.

"थांबव, थांबव! सदर सिगार बग. आता बोटभर व्हता ना? आता बग, वीतभर झाला. परत बोटभर. बोलता बोलता सिगार वाढतोय बे! ऊस हाय का त्यो?"

"आबा, दुसरा पेटवला आसंल."

"कवा पेटवला? कुठं नोंद हाय?"

मग प्रेत. गिरणीमालकाचं प्रेत गालिच्यावर पडलंय, सगळे रडतायत, आणि प्रेताच्या नाकावर माशी बसते. प्रेत नाक हलवतं. मला हे आबांनी दाखवेपर्यंत दिसलंच नव्हतं, नंतर मात्र दुसरं काही दिसेना. भिंतीवरचं घड्याळ तीन दिवस दहा वाजून दहा मिनिटंच दाखवतं. बाहेर धोधो पाऊस पडतो, पण खिडकीपुरताच, शेजारच्या दारातून कडक ऊन. मधेच भलत्याच माणसाला पकडून कोर्टात नेतात, तिथं वकील बोलतो तेव्हा त्याच्या डोक्यावरून माईकच्या बांबूची सावली फिरते. आणि ज्या चुकीवर आबा दररोज, अगदी दररोज, खुर्चीतून उठायचे ती ही, की गुप्तहेर रुमालात धरून सुरा उचलतो, ठसे पुसले जाऊ नयेत म्हणून, आणि दुसऱ्याच क्षणी त्याच रुमालानं कपाळाचा घाम पुसतो.

"गेला! मुद्देमाल गेला!" आबा कपाळावर हात मारायचे. "पंचनामा न्हाई, पंच न्हाईत, पाकीट न्हाई, आन घाम पुसतोय! माझ्या हाताखाली आसता तर एका दिवसात सस्पेंड."

बंडू हसला की मात्र आबांचा पारा चढायचा. "हसू नको बे. चुका मी काढीन. तुला पिक्चर कळलंय का आधी?"

आणि वही उलटी व्हायची.

हा भाग मला जास्त आवडायचा. आबा गुण सांगायला लागले की त्यांचा आवाज खाली यायचा. जिन्याचा प्रसंग यायचा. रात्रीचा बंगला, जिन्यावर कुणीतरी चढतंय, चेहरा दिसत नाही, मागं संगीत नाही, नुसते बूट. तेरा पायऱ्या. सातवी पायरी करकरते. बस, एवढंच. मग पुढं, बऱ्याच वेळानं, पुन्हा तोच जिना, पुन्हा बूट, आणि यावेळी ते बूट सातवी पायरी ओलांडून थेट आठवीवर पडतात.

"कळलं का?" आबा कुजबुजायचे. "सदर इसमाला म्हाईत हाय, कुठली पायरी वाजती. म्हंजे बाहेरचा न्हाई. घरातला मानूस हाय!"

माझ्या अंगावर काटा यायचा हो! झेरॉक्स काढायला आलेली माणसं आधार कार्ड हातात धरून तशीच उभी राहायची.

दुसरा गुण स्वयंपाकीणबाईचा. सगळे तिला दरडावून विचारतात, ती बोलत नाही. गुप्तहेर येतो, तिच्याशेजारी खाली बसतो आणि तिच्यासोबत वाटाणे सोलायला लागतो. एक शब्द विचारत नाही. अर्धी टोपली सोलून होते, आणि बाई आपोआप बोलायला लागते. आबा म्हणायचे, "ह्याला म्हनत्यात तपास. गप बसायला लई अक्कल लागती, पोरी."

हे मला मुद्दाम सांगितलेलं असायचं. मला गप बसता येत नाही हे सगळ्या पालीला माहीत आहे.

तर असा तो पिक्चर शेवटाला यायचा. गुप्तहेर आठही जणांना दिवाणखान्यात गोळा करायचा, चष्मा पुसायचा, म्हणायचा, "तुमच्यापैकी एकजण..." आणि पडदा काळा. संपलं. इंटरनेटवर जी कॉपी होती ती तिथंच तुटलेली. शेवटची दहा-बारा मिनिटं गायब! मी चिडायचे, बंडू शिव्या द्यायचा, आबा मात्र शांतपणे टोपी घालायचे. "तपास चालू हाय," म्हणायचे आणि भाकरी खायला जायचे.

एक दिवस मी अडवलंच त्यांना. म्हटलं, "आबा, तुम्ही तर थेटरात बघितला असेल ना हा? खुनी कोण ते सांगा आणि आमची सुटका करा."

तेव्हा कळलं. आबांची नोकरी त्या काळात माजलगावला होती. तिथल्या थेटरात हा पिक्चर दर वर्षी एकदा फिरून यायचा, दुपारी तीनचा खेळ. आबा सुट्टी टाकून कौसाबाईंना घेऊन जायचे. सात वर्षं, सात वेळा. आणि सातही वेळा, बरोबर शेवटाला, पडद्यावर काच लागायची. काच म्हणजे काचेच्या तुकड्यावर शाईनं लिहून पडद्यावर दाखवलेला निरोप. 'रंगनाथ हवालदार यांनी ताबडतोब ठाण्यात यावे.'

"दर वर्षी? शेवटालाच?"

"आमचं साहेब दुपारचं जेवून झोपायचं. पाचला उठायचं. उठलं की पयली हाक, रंगनाथ कुठाय? आन पिक्चरचा शेवट बी पाचलाच." आबा हसले. "थेटरच्या मालकानं मग कायमची काच करून ठेवली. दर टायमाला कोन लिहीत बसंल!"

"म्हणजे आबा, तुम्ही शेवट बघितलाच नाही?"

"न्हाई."

"पण काकी तर बसून असतील की शेवटपर्यंत! त्यांनी सांगितला असेल ना?"

"सांगितला की."

"मग काय सांगितलं?"

आबांनी टोपी घातली आणि गेले. त्या दिवशी 'तपास चालू हाय' सुद्धा म्हणाले नाहीत. पण मला तेवढी समज असती तर काय हवं होतं! माझ्या डोक्यात एकच भुंगा शिरला. चाळीस वर्षं ज्या माणसानं एका पिक्चरवर जीव टाकला, त्याला त्याचा शेवट दिसला नाही, हा केवढा अन्याय! आबांना शेवट दाखवायचाच. मी नादाला लागले की आमचे हे म्हणतात, आता देवसुद्धा हिला थांबवू शकत नाही.

मी रोज शोधायला लागले. जुन्या पिक्चरच्या वेड्या लोकांचे ग्रुप असतात, त्यात घुसले, विनवण्या केल्या. आणि चैत्र संपता संपता, काय सांगू तुम्हाला, पुण्याकडच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी अख्खा पिक्चर पाठवला! पूर्ण! मी दुकानातच नाचले. एक बाई उत्पन्नाचा दाखला काढायला आली होती, ती दोन पावलं मागं सरली. शेवट आहे की नाही एवढं मिनिटांच्या आकड्यावरून पाहिलं, पण मी तो बघितला नाही. म्हटलं बघायचा तर आबांसोबत, आणि सगळ्या गावासोबत.

ऊसतोडीला गेलेली माणसं नुकतीच परत आलेली, गाव भरलेलं. शाळेला सुट्टी, हॉल रिकामा. हेडमास्तरांनी हॉल दिला, प्रोजेक्टर दिला, तो मी दुकानातल्या कपाटात आणून ठेवला. रविवारी दुपारी दोनला खेळ. बंडूनं सलूनच्या आरशावर साबणानं आठ संशयितांची नावं लिहिली आणि पैजा लावल्या, जिंकेल त्याच्या डोक्याची मालिश फुकट. ज्यांनी पिक्चर बघितला नव्हता तेही भांडायला लागले. एसटीचा कंडक्टर दोन मिनिटं गाडी थांबवून डॉक्टरवर पैज लावून गेला!

फक्त एकच माणूस खूश नव्हता. ज्याच्यासाठी सगळं चाललं होतं तोच.

आधी आबांनी विचारलं, परवानगी काढली का? काढली म्हटलं. मग वाळूच्या बादल्या ठेवल्या का? ठेवते म्हटलं. मग बाया-माणसांची बसायची व्यवस्था वेगळी का? मग उन्हाचं कुनाला चक्कर आली तर जबाबदार कोन? शनिवारी तर म्हणाले, सदर हॉलचं छप्पर मला धोकादायक वाटतं. त्या हॉलचं छप्पर सिमेंटचं आहे हो, मागल्याच वर्षी झालेलं! मला वाटलं, म्हातारा माणूस, आनंदानं बावरलाय.

रविवारी सकाळी अकराला आबा नेहमीसारखे आले. 'लाव' म्हणाले नाहीत, नुसते बसले. मी चहा आणायला मागं घरात गेले, आले तर खुर्ची रिकामी. गडबडीत लक्ष दिलं नाही. दीडला प्रोजेक्टर न्यायला कपाट उघडलं, तर प्रोजेक्टर जागेवर आणि त्याची वायर गायब.

शाळेत माणसं जमायला लागलेली, आणि तसली वायर बीडशिवाय मिळायची नाही, रविवारी तर तीही नाही. कपाट उपसलं, खण उपसले. आणि वायर ठेवली होती त्या जागेवर एक कागद सापडला. खराब झालेल्या झेरॉक्सच्या पाठीमागं मोत्यासारखं अक्षर.

'जप्ती पावती. आज रोजी मौजे पाली येथील झेरॉक्स दुकानातून, दुकानमालकीण चहा आणण्यास गेली असता, खालील मुद्देमाल ताब्यात घेतला. वायर, रंग काळा, लांबी अंदाजे दोन हात, नग एक. पंच मिळाले नाहीत.'

खाली सही नव्हती. चोराला तेवढी अक्कल होती!

मी तिथंच खाली बसून हसले. चौतीस वर्षं लोकांच्या चोऱ्या पकडल्या, स्वतः आयुष्यात पहिली चोरी केली, आणि पावती दिल्याशिवाय हात उठेना! मग मात्र राग आला, असा आला की चप्पल न घालता तापलेल्या रस्त्यावरून तरातरा त्यांच्या घरी गेले.

आबा ओसरीवर बसले होते. कोनाड्यात वायर होती, गुंडाळून, सुतळीनं बांधून, वर चिठ्ठी लावून. मी तोंड उघडलं. पुष्कळ काही बोलायचं ठरवून आले होते, की गाव खोळंबलंय, आणि मी महिनाभर कुणासाठी मरमर केली. पण आबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा पकडलेल्या माणसाचा होता. मी शेजारी बसले. गप बसले. मला जमलं, हे आजही खरं वाटत नाही.

बऱ्याच वेळानं आबा म्हणाले, "तिनं बी न्हवता बगितला."

"कुणी? काय?"

"कौसानं. शेवट." आबा अंगणाकडं बघत होते. "तिसऱ्या वर्षाची गोष्ट. काच लागली, मी उठलो. ठान्यात गेलतो तर साहेबाला निस्ता चहा पायजे व्हता. मी तसाच माघारी पळत आलो, म्हनलं शेवट तरी घावंल. तर थेटरच्या बाहेर कौसा. पायरीवर बसलीती. डोक्यावर पदर, हातात शेंगदान्याची पुडी. आतून पिक्चरचा आवाज येतोय आन ही बाहेर उन्हात."

"मग तुम्ही काय केलंत?"

"रसवंतीच्या आड हुबा राह्यलो. पिक्चर सुटलं, लोकं बाहेर आली, तशी ही उठली आन लोकांत मिसळून चालाया लागली. सगळं बगून आल्यावानी."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"त्या सांजंला भाकरी थापता थापता तिनं शेवट सांगितला. डॉक्टर खुनी निघाला. आदल्या वर्षी मुनीम निघालता. त्याच्या आदल्या वर्षी गिरनीवाल्याची धाकली भैन. मी म्हनायचो, असं का गं, मागल्या साली तर मुनीम व्हता? तर म्हनायची, तुमाला याद न्हाई, तुमचं डोकं ठान्यात आसतं. आन असं रंगवून सांगायची, पोरी, असं रंगवून! कुनी कुठं पिस्तूल लपवलं, कोन काय बोललं, समदं. माझ्याबिगर तिला बगवत नसंल. पन मला वाईट वाटू ने, की माझ्यापायी तिचा बी शेवट बुडला. म्हनून रचायची बिचारी."

"तुम्ही काकींना सांगितलंच नाही कधी? की तुम्ही बघितलं होतं म्हणून?"

"चौतीस वर्षं लोकांकडून कबुल्या घेतल्या. हिच्याकडून कशाला घ्यायची? कबूल केलं आसतं तर फुडल्या साली शेवट सांगितला नसता तिनं. आता तू खरा शेवट दाखवनार. म्हंजे तिच्या सातही जबान्या खोट्या पडत्याल. आन फिरवून सांगायला ती न्हाई."

मी रडले. सरळ सांगते, पदरात तोंड घालून रडले. एवढी शहाणी मी, महिनाभर धावले, आणि काय काढून घ्यायला धावले होते! म्हटलं, "आबा, मी खेळ रद्द करते. बंडूला सांगते वायर हरवली."

"खोटं बोलायचं न्हाई." आबा एकदम जमादार झाले. "लोकं खोळंबल्यात. पिक्चर लई चांगलं हाय, लोकांनी बगायलाच पायजे." उठून त्यांनी कोनाड्यातली वायर काढली, माझ्या हातात दिली. "घे. आन ती पावती परत दे. कुनी बगितली तर काय म्हनंल!"

खेळ झाला. काय झाला म्हणून सांगू! अडीचला सुरू केला, हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, खिडक्यांना चादरी, पंखे गरम वारा सोडतायत, पण एक माणूस हलेल तर शपथ. आबा पहिल्या रांगेत. सिगार वाढला तशी बंडूनं मागून आरोळी ठोकली, "ऊस!" आणि हॉल हसून हसून लोळला. जिना आला तेव्हा लोकांनी पायऱ्या मोजायला सुरुवात केली. आधी पोरांनी, मग बायांनी, मग सगळ्यांनी. दुसऱ्या वेळी बूट सहावीवर आले, आणि सातवी ओलांडून आठवीवर पडले, तशी मागल्या रांगेतली एक म्हातारी, जिनं आयुष्यात पिक्चर बघितला नसेल, ती ओरडली, "अगं बया! घरातलाच हाय खुनी, मुडदा बशिवला त्येचा!" आबांनी वळून तिच्याकडं बघितलं. असा आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी बघितला नव्हता.

आणि मग दिवाणखाना. आठ माणसं. गुप्तहेरानं चष्मा पुसला. आबा उठले, टोपी घातली, वाकून, कुणाला अडचण न होता, दारापर्यंत गेले. मी पण उठले. मागून गुप्तहेर म्हणाला, "तुमच्यापैकी एकजण..." आणि मी दार ओढून घेतलं.

बाहेर शाळेच्या पायरीवर आम्ही बसलो. आतून आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मी म्हटलं, "आबा, काकींचा शेवट सांगा ना."

"कुठल्या सालचा?"

"शेवटच्या. सातव्या."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "सातव्या साली खुनी कोन निघाला ते मला याद बी न्हाई. त्यात तिनं खुन्याला दोन वाक्यात उरकलं. फुडचंच लई सांगत बसली. म्हनली, गुप्तहेरानं खुनी पकडून दिला. साहेबाचा निरोप आला, ताबडतोब या. तर गुप्तहेर म्हनला, आज मी येनार न्हाई. घरी गेला, कोट काढून ठिवला, बायकोला म्हनला, चल. आन दोघं पिक्चरला गेले. शेवटपर्यंत बसले."

"मला कळलं व्हतं गं," आबा म्हणाले. "तवाच कळलं. न कळायला मी काय येडा हाय? म्हनलं, फुडल्या साली काच लागली तरी उठायचं न्हाई. नोकरी गेली तर जाऊ दे. पन फुडल्या साली आष्टीला बदली झाली. तिथं हे पिक्चर कवा आलंच न्हाई."

आतून एकदम आरडाओरडा झाला, टाळ्या, शिट्ट्या. दार धाडकन उघडलं आणि बंडू बाहेर आला, घामानं निथळत, डोळे वटारलेले. "आबा! आबा! खुनी कोन म्हाईतंय का? अहो..."

"बंड्या, तोंड बंद!" मी अशी किंचाळले की झाडावरचे कावळे उडाले. बंडूचं तोंड उघडंच राहिलं. आबा उठून घराकडं चालायला लागले होते.

त्या संध्याकाळी मी बंडूला सगळं सांगितलं. गप बसण्याची माझी ताकद दुपारीच संपली होती. बंडूनं गावाला सांगितलं. आणि हे आमचं पाली, जिथं कुणाच्या घरी पाहुणा आला तर चहा उकळायच्या आत सगळ्यांना कळतं, त्या पालीत आजवर एकानंही आबांपुढं खुन्याचं नाव काढलेलं नाही. माझ्यापुढंही नाही. कंडक्टर मालिश करून घ्यायला आला, तेव्हाच मला अंदाज आला, पण मी कानावर हात ठेवले.

चार दिवसांनी आबा दाढीला गेले. मी त्यांचा चहा घेऊन सलूनच्या दारात उभी होते. तोंडाला साबण लागलेला, आणि बंडूनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "आबा, काकी कसा सांगायच्या वो शेवट?"

आबांनी सांगितला. सगळा, सातव्या सालचा. साहेबाचा निरोप, गुप्तहेराचं नाही म्हणणं, कोट काढून ठेवणं, बायकोला घेऊन जाणं. बाकावर बसलेली चार माणसं ऐकत होती, आणि त्या चौघांनीही रविवारी खरा शेवट बघितला होता.

आबा थांबले. बंडूनं वस्तरा पुसला आणि म्हणाला, "बराबर हाय, आबा. हेच दाखवलं त्यांनी. मी सोता बगितलं."

"हो हो," बाकावरचे म्हणाले. "शेवटाला दोघं पिक्चरलाच जात्यात."

आबांनी आरशातून बंडूकडं बघितलं, मग एकेक करून त्या चौघांकडं. खोटी जबानी ओळखण्यात ज्यांची चौतीस वर्षं गेली, ते आबा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, गालावरच्या साबणात उतरलं, आणि कुणी ते बघितलं असं दाखवलं नाही.

"बरं," आबा म्हणाले. "कर दाढी. सदर चहा गार व्हायलाय."